औषधाच्या काउंटरवरचे निदान

मुंबई, दिल्ली आणि पाटणा या तीन शहरांतल्या सहाशेहून अधिक औषधदुकानांत २०१४ आणि २०१५ या काळात काही माणसे जाऊन आली. ती आजारी नव्हती. रुग्णाची भूमिका वठवण्यासाठी त्यांना पढवून तयार केले होते. काहींनी काउंटरवर सांगितले, की दोन-तीन आठवडे खोकला आहे, अंगात ताप असतो, काहीतरी औषध द्या. काहींनी तेच दुखणे सांगितले, पण सोबत थुंकीच्या तपासणीचा अहवालही पुढे केला. त्यात क्षयाचे जंतू सापडल्याची नोंद होती. अशा एकूण १२०० भेटींचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात छापून आले. नुसती लक्षणे सांगणाऱ्यांपैकी फक्त १३ टक्के जणांना योग्य सल्ला मिळाला. योग्य म्हणजे प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे धाडणे. ३७ टक्के लोक प्रतिजैविक घेऊन बाहेर पडले. ज्यांच्या हातात अहवाल होता त्यांच्यात मात्र योग्य सल्ल्याचे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले आणि प्रतिजैविकांचे १६ टक्क्यांवर उतरले. क्षयाची पहिल्या फळीची औषधे तर एकाही दुकानाने परस्पर दिली नाहीत.

औषधविक्रेते किती बेफिकीर आहेत याचा पुरावा म्हणून हा अभ्यास सांगितला जातो, आणि ते चुकीचे नाही. पण त्यातला दुसरा अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. शहरे तीच, दुकानांची जातकुळी तीच, काउंटरवरची माणसेही त्याच शिक्षणाची. हातात एक कागद आला आणि वागणे पालटले. रोगाचे नाव कळल्यावर बहुतेकांनी विक्रीचा मोह सोडून माणसाला योग्य दारी पाठवले. फार्मासिस्टने निदानात भाग घ्यावा की नाही, याची चर्चा जगभर चालू आहे. आपल्याकडे ती करताना एक गोष्ट आधी मान्य करावी लागेल. आपल्या काउंटरवर निदान रोजच होते आहे. ते नोंदीविना होते, तपासणीविना होते, पुष्कळदा शिक्षणाविना होते आणि त्याचा मोबदला विकलेल्या गोळ्यांतूनच निघतो. बदलायच्या आहेत त्या या चार गोष्टी.

आपण या दुकानाला 'मेडिकल' म्हणतो. 'मेडिकलमधून काहीतरी आण' हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. पोटात मुरडा, अंगावर पित्त, दाढदुखी, लहान मुलाची सर्दी, चिघळलेला नायटा, हे सारे आधी तिथे जाते. दवाखान्यात रांग आहे, फी आहे, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. मेडिकलवाला ओळखीचा आहे, रात्री दहापर्यंत उघडा आहे आणि विचारायचे पैसे घेत नाही.

कायद्याच्या नजरेत मात्र ही संपूर्ण देवघेव अस्तित्वातच नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, त्याखालचे १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा यांनी ठरवून दिलेले चित्र साधे आहे: डॉक्टर चिठ्ठी लिहितो, नोंदणीकृत फार्मासिस्ट स्वतः औषध देतो किंवा त्याच्या देखरेखीखाली ते दिले जाते, शेड्यूल 'एच' मधले औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही. २०१४ च्या १ मार्चपासून 'एच-१' हे अधिक कडक परिशिष्ट लागू झाले. वरच्या पिढीतली प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे त्यात आली. त्यांच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपायची. २०१६ मध्ये प्रतिजैविकांच्या स्ट्रिपवरच्या लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावून सांगणारी मोहीम निघाली. चिठ्ठीशिवाय सहज विकता येतील अशा औषधांची वेगळी अधिकृत यादी मात्र आपल्याकडे अजून नीट उभी राहिलेली नाही. सोळा औषधांपुरता एक मसुदा २०२२ साली आला होता. म्हणजे सर्दीसाठी ग्राहकाला काय सुचवावे, यावर कायद्याचे मार्गदर्शन जवळपास नाही, आणि रोजचा बराचसा धंदा त्याच मोकळ्या जागेत चालतो.

महाराष्ट्राने या विषयावर एक मोठी लढाई पाहिली आहे. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट हजर हवा, विक्री चिठ्ठीवरच व्हावी आणि बिल दिलेच पाहिजे, या तीन मुद्द्यांवर त्यांनी तपासण्यांचा धडाका लावला. परवाने निलंबित झाले, संघटनांनी बंद पुकारले, वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. सर्टिफिकेट एकाचे आणि काउंटरवर दुसराच, ही पद्धत किती रुजली आहे ते त्या निमित्ताने उघडपणे बोलले गेले. विक्रेत्यांचा युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता. लहान गावातल्या दुकानाच्या गल्ल्यातून पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार कसा निघणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्या मोहिमेने शिस्त आणायचा प्रयत्न केला, आणि तो आवश्यकच होता. पण हजर असलेल्या फार्मासिस्टने उभे राहून नेमके काय करायचे, त्याबद्दल त्याला कोण आणि किती पैसे देणार, हा पुढचा प्रश्न तेव्हा कोणी हाती घेतला नाही.

हा प्रश्न जुना आहे. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात वैद्य आणि औषध बनवणारा यांची कामे कायद्याने वेगळी केली; वैद्याने औषधविक्रीत भागीदारी करू नये, असे बंधन त्यामागे होते. कारण उघड होते. जो रोग सांगतो तोच औषध विकू लागला, तर रोग वाढत जातात. इंग्लंडमध्ये १७०४ साली याच्या उलट दिशेने निकाल लागला. विल्यम रोझ नावाच्या औषधविक्रेत्याने एका खाटकाला तपासून औषधे दिली होती. गुण आला नाही, बिल मात्र मोठे आले, आणि खाटकाच्या तक्रारीवरून लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने रोझवर खटला भरला. उमरावांच्या सभेने शेवटी रोझच्या बाजूने कौल दिला: औषधविक्रेत्याला रुग्ण तपासून औषध देता येईल. मात्र सल्ल्याचे पैसे त्याला घेता येत नव्हते, फक्त औषधाचे घेता येत. परिणाम व्हायचा तोच झाला. पुढची शंभरहून अधिक वर्षे तिथले औषधविक्रेते सल्ल्याची किंमत बाटल्यांच्या संख्येतून वसूल करत राहिले. आजच्या महाराष्ट्रातल्या काउंटरचे अर्थकारण समजून घ्यायला मला तरी या तीनशे वर्षांपूर्वीच्या निकालाइतके चांगले उदाहरण सापडलेले नाही.

भारतात औषधनिर्माण शिक्षणाची सुरुवात दोन ठिकाणांहून मोजता येते. पणजीच्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत १८४२ पासून औषधशास्त्र शिकवले जाई. पदवीपर्यंत जाणारे आधुनिक शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केले. नागपूर विद्यापीठाचा विभाग १९४४ चा आहे. या शिक्षणाला तेव्हापासून कारखान्याची ओढ राहिली. नव्या देशाला औषधे बनवायची होती, आणि त्या कामात या पदवीधरांनी जे केले त्याचा अभिमानच वाटावा. दुकानाच्या वाट्याला आला तो दोन वर्षांची पदविका घेतलेला माणूस. त्या पदविकेचा अभ्यासक्रम १९९१ च्या नियमांनी ठरला आणि २०२० पर्यंत तोच चालू राहिला. त्या तीस वर्षांत मधुमेहाची नवी औषधे आली, एचआयव्ही पसरला, प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले, मोबाइलवर औषधे मागवता येऊ लागली. काउंटरवर उभा राहणाऱ्याच्या पुस्तकात यातले फारसे काही शिरले नाही.

जगात विचार बदलला तो १९९० च्या सुमारास. हेप्लर आणि स्ट्रँड या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी त्या वर्षी एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे: फार्मासिस्टची जबाबदारी औषध हातात दिल्यावर संपत नाही, त्या औषधाने रुग्णाचे काय झाले यासाठीही तो बांधील आहे. आज हे वाक्य सपक वाटेल. तेव्हा त्याने एका व्यवसायाची दिशा फिरवली. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहराच्या नगरपालिकेने १९९६ मध्ये आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना ठरावीक फार्मासिस्टांकडे नियमित पाठवायला सुरुवात केली आणि त्या वेळेचे पैसे फार्मासिस्टांना दिले. औषधांवरचा खर्च वाढला, कारण लोक औषधे नियमित घेऊ लागले. रक्तातली साखर ताब्यात आली आणि एकूण वैद्यकीय खर्च उतरला. पुढच्या पुष्कळ प्रयोगांना तिथून वाट मिळाली.

त्यातला सर्वांत सुंदर प्रयोग लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांत झाला. रक्तदाब वाढलेले कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, पण केस कापायला दर पंधरवड्याला येतात, हे डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी हेरले. ५२ दुकानांतल्या ३१९ गिऱ्हाइकांवर अभ्यास झाला. निम्म्या दुकानांत न्हावी गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जा म्हणून सांगत. उरलेल्या दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन रक्तदाब मोजत, डॉक्टरांशी झालेल्या लेखी करारानुसार औषध सुरू करत, मात्रा वाढवत, जागच्या जागी रक्तातले क्षार तपासत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी ९.३ ने उतरला होता, दुसऱ्या गटाचा २७ ने. २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे आकडे छापून आले. रक्तदाबाच्या क्षेत्रात एवढा फरक क्वचित दिसतो. इथे नवे औषध कुठलेच नव्हते. माणूस जिथे येतो तिथे जाणे, मोजत राहणे आणि मोजमापानुसार मात्रा बदलण्याचा अधिकार असणे, एवढ्यानेच हे घडले.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताने २००७ पासून पुढचे प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टांना स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार दिला. तिथल्याच एका अभ्यासात फार्मासिस्टने लिहून दिलेल्या उपचाराने सहा महिन्यांत वरचा दाब १८.३ ने उतरला, नेहमीच्या पद्धतीने ११.८ ने. ओंटारिओत २०२३ च्या जानेवारीपासून तेरा किरकोळ आजारांवर फार्मासिस्ट औषध लिहू लागले, त्याच वर्षी ही यादी एकोणीसवर गेली. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे आता सवयीचे झाले आहे.

इंग्लंडची 'फार्मसी फर्स्ट' योजना थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण तिथे 'निदान' हा शब्द प्रत्यक्ष कामात कसा उतरतो ते कळते. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथल्या दहा हजारांहून अधिक दुकानांत सात आजारांवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय उपचार मिळू लागले: सायनसचा दाह, घसादुखी, मुलांचे कान ठणकणे, कीटकदंशाचा संसर्ग, त्वचेवरचा इम्पेटिगो, नागीण आणि स्त्रियांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. प्रत्येकासाठी पायरीपायरीचा लेखी मार्ग आहे. मूत्रमार्गाचे उदाहरण घेऊ. वय १६ ते ६४ च्या दरम्यान हवे. लघवीला जळजळ, रात्री नव्याने उठावे लागणे आणि गढूळ लघवी, या तीनपैकी किमान दोन लक्षणे हवीत. ती गरोदर नसावी. थंडी वाजून ताप किंवा कमरेत कळ असेल, तर मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका धरून लगेच पुढे पाठवायचे. हे सारे जुळले, तर नायट्रोफ्युरँटॉइन तीन दिवस. घसादुखीसाठी गुण मोजायचे आणि ते पुरेसे भरले तरच पेनिसिलिनचा विचार करायचा. कान दुखत असेल तर ऑटोस्कोपने आत पाहायचे, त्याचे प्रशिक्षण आधी घेतलेले हवे. झालेल्या भेटीची नोंद रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते.

यात प्रतिभेला वाव जवळजवळ नाही, आणि तेच या योजनेचे बळ आहे. सात आजार निवडले ते ओळखायला तुलनेने सोपे आणि ओळखताना चूक झाली तर कुठे होईल हे आधीच माहीत असलेले. यापलीकडचे सगळे डॉक्टरचे. दुसरी बाब पैशाची. योजना सुरू झाली तेव्हा अशा प्रत्येक तपासणीचे फार्मासिस्टला १५ पौंड मिळत, आणि औषध दिले काय, न दिले काय, रक्कम तेवढीच. रोझच्या निकालातली खोट तीनशे वीस वर्षांनी अशी दुरुस्त झाली. २०२६ पासून तिथे नोंदणी होणारा प्रत्येक नवा फार्मासिस्ट औषध लिहून देण्याचा अधिकार घेऊनच बाहेर पडणार आहे.

पण हे चित्र सगळे उजळ नाही. गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधली शेकडो दुकाने बंद पडली. जबाबदाऱ्या वाढल्या त्या वेगाने सरकारी निधी वाढला नाही, अशी तिथल्या विक्रेत्यांची तक्रार आहे. डॉक्टरांची भीती वेगळी: सात मार्ग खुले केले म्हणजे प्रतिजैविकांचा वापर वाढणार. ही शंका मला रास्त वाटते, आणि तिचे उत्तर अनेक वर्षांच्या आकडेवारीनेच मिळेल.

आपल्याकडे ही शंका शंकेच्या पलीकडे गेली आहे. नायट्याचे उदाहरण पाहा. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र केलेली मलमे वर्षानुवर्षे काउंटरवरून टूथपेस्टसारखी विकली गेली. लावल्यावर चार दिवसांत खाज थांबते, म्हणून गिऱ्हाईक खूश. आत बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. गोरेपणासाठी तेच मलम चेहऱ्याला फासणाऱ्या मुलींचे चेहरे कायमचे बिघडले. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवल्यावर २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइड मलमे शेड्यूल 'एच' मध्ये घातली गेली. आजही हट्टी नायट्याने त्वचारोग विभागांच्या रांगा भरतात, आणि त्यातल्या कित्येकांच्या खिशात आधीच्या मलमाची चेपलेली ट्यूब असते. काउंटरवरच्या निदानाला मोकळे रान दिले तर काय होते, हे दाखवायला आणखी पुरावा नको. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नका, असे पत्र औषधविक्रेत्यांना लिहिले. त्याच सुमारास केरळने 'ऑपरेशन अमृत' नावाने अचानक तपासण्या सुरू केल्या.

म्हणून भारतातले डॉक्टर फार्मासिस्टला औषध लिहू द्या म्हटले की उसळतात, त्याला मी नुसती मक्तेदारीची भाषा म्हणणार नाही. महाराष्ट्रात तर ही जखम ताजी आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे देता यावीत, यासाठी २०१४ साली कायदा बदलला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्यात आणखी एक दावेदार उभा करणे आज शहाणपणाचे नाही. इंग्लंडच्या सात मार्गांची यादी जशीच्या तशी इथे आणणे तर घातकच ठरेल. तिथे प्रत्येक माणसाची नोंद एका डॉक्टरकडे असते, इथे नसते.

पण निदानाची व्याख्या जरा मोकळी करून पाहिली, तर फार्मासिस्टच्या हातात आजही पुष्कळ काही आहे आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही.

एक म्हणजे औषधामुळेच झालेला आजार ओळखणे. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातात आणि सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी तयार होणे थांबते आणि माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही, घरी वाचणारे कोणी नाही, आणि गोळी दिसायला इतर गोळ्यांसारखीच. 'कोणत्या वारी घेता?' हा एक प्रश्न काउंटरवर विचारला गेला तर जीव वाचतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनवर असलेल्या माणसाला दाताच्या डॉक्टरने मेट्रोनिडॅझोल लिहून दिले, तर रक्तस्राव होऊ शकतो. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात, एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. दोन्ही चिठ्ठ्या ज्या एकाच माणसाच्या हातातून जातात, तो फार्मासिस्ट. रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त करणारी गोळी आणि गुडघ्यासाठी परस्पर घेतलेले वेदनाशामक, ही तीन एकत्र आली की म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडे धोक्यात येतात. त्यातले तिसरे बहुधा त्याच दुकानातून गेलेले असते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर हवे, हे कळले नाही म्हणून मात्रा वाढत गेलेल्या बायका कितीतरी असतील. डॉक्टर थायरॉइड वाढला म्हणतो. वाढलेले असते ते गोळी नीट न शोषली जाण्याचे प्रमाण.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले गेली. मूत्रपिंडे निकामी झालेली त्यातली बरीच मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के सापडले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली दूषित ग्लिसरॉलने चौदा रुग्ण गेले होते तेव्हाही विष हेच होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या वेळी औषधखरेदीच्या सगळ्या यंत्रणेची चिरफाड केली होती. बाटलीतले विष काउंटरवरच्या माणसाला दिसणे शक्य नव्हते, हे मान्य. पण त्या औषधातली क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच उत्पादकांना बजावले होते. मुलाचे वय विचारणे शक्य होते. लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन करून 'हे एवढ्या लहानाला का?' असे विचारण्याचा रिवाज आपल्या व्यवसायात असता, तर काही बाटल्या तरी दुकानातच राहिल्या असत्या. औषधाच्या दुष्परिणामाची खबर देण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत क्रमांक आहे, आणि फार्मासिस्टला तिथे थेट नोंद करता येते. किती दुकानांच्या भिंतीवर हा क्रमांक लावलेला आहे, ते वाचकांनी आपापल्या गल्लीत पाहावे.

दुसरे काम मोजण्याचे. भारतात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि प्रौढांत साधारण तिघांपैकी एकाचा रक्तदाब वाढलेला आहे, असे 'आयसीएमआर-इंडियाब'चा २०२३ चा अभ्यास सांगतो. त्यांतल्या असंख्यांना ते ठाऊकच नाही. त्यांतले बहुतेक जण या ना त्या कारणाने महिन्यातून एकदा तरी मेडिकलच्या पायरीवर येतात. इंग्लंडमध्ये २०२१ पासून चाळिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब औषधदुकानात मोफत मोजतात आणि तो वाढलेला आढळला तर डॉक्टरकडे पाठवतात. यात औषध लिहायचे नाही, कोणाचा अधिकार हिरावायचा नाही. एक यंत्र, एक खुर्ची आणि पाच मिनिटे लागतात. अडचण त्या पाच मिनिटांचीच आहे. समोर सहा गिऱ्हाइके हात पुढे करून उभी असताना ती पाच मिनिटे फुकट कोण देईल?

तिसरे काम पाठवण्याचे, आणि तिथे आपला स्वतःचा पुरावा हाताशी आहे. पाटण्यात २०१५ नंतर शंभराच्या आसपास औषधदुकानांना क्षयाची लक्षणे ओळखायला शिकवले. खोकणाऱ्या माणसाला छातीच्या एक्स-रेसाठी आणि डॉक्टरकडे पाठवायचे, आणि त्याबद्दल दुकानदाराला थोडे मानधन. या दुकानांनी दीड हजारांहून अधिक माणसे पाठवली, त्यांत अडीचशेच्या आसपास क्षयरुग्ण निघाले. ज्या दुकानांशी असे काही ठरलेले नव्हते त्यांच्या तुलनेत हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त होते. मुंबईत तर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने त्याच्याही बऱ्याच आधी औषधविक्रेत्यांना क्षयाच्या कामात उतरवले होते. आपल्या दुकानात रुग्णाला समोर बसवून क्षयाची गोळी देणारे फार्मासिस्ट या शहराने पाहिले आहेत. सुरुवातीला सांगितलेल्या अभ्यासातल्या ३७ टक्क्यांवर याहून चांगला उपाय मला दिसत नाही.

हे करणारी माणसे मिळतील का? म्हैसूर आणि उटी इथे १९९० च्या दशकात रुग्णालयीन फार्मसीचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २००८ मध्ये सहा वर्षांचा 'फार्म.डी.' आला. त्यात पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात. पुण्यासह महाराष्ट्रात तो अनेक ठिकाणी चालतो. ही मुले वॉर्डात फिरतात, चिठ्ठ्या तपासतात, रुग्णाला इनहेलर कसा ओढायचा ते शिकवतात, आणि बाहेर पडल्यावर त्यांना त्या कामाची नोकरी सहसा मिळत नाही. बरेच जण कंपन्यांच्या कागदपत्रांकडे किंवा परदेशाकडे वळतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीत रुग्णालयातल्या पदांची नावेही आली. पण सरकारी रुग्णालयात ती पदे भरण्याची सक्ती नाही, म्हणून नियम कागदावर आहे आणि औषध वाटपाच्या खिडकीत एकच माणूस शेकडो हातांना गोळ्या मोजून देतो आहे. पदविकेच्या २०२० च्या अभ्यासक्रमात सामाजिक फार्मसी आणि औषधोपचारशास्त्र आले, पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्व परीक्षाही ठरली. हे सगळे योग्य दिशेने आहे. मात्र परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याने रोज काउंटरवर उभे राहावे असे वाटत असेल, तर त्या उभे राहण्याची किंमत कोणीतरी मोजावी लागेल.

आणि त्याची सुरुवात एका जागी झालेलीही आहे. मार्च २०१८ च्या राजपत्रानुसार क्षयाची औषधे विकणाऱ्या दुकानदाराने रुग्णाची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक झाले. एच-१ ची वही तिथे प्रथमच आरोग्याच्या कामाला आली. क्षयाचा संशयित रुग्ण पाठवला आणि रोग निश्चित झाला, तर पाठवणाऱ्याला ५०० रुपये मिळण्याची तरतूद आहे. ही रक्कम गोळी विकल्याची नाही, माणूस योग्य दारी पोहोचवल्याची आहे. हीच पद्धत रक्तदाब आणि साखरेला लावता येईल. दुकानात मोजून, नोंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलेल्या आणि तिथे निदान निश्चित झालेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम, फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टच्या नावावर आणि तो हजर असलेल्या वेळेतच. दोन-चार जिल्ह्यांत, उदाहरणार्थ जिथे डॉक्टर विरळ आणि मेडिकल मात्र प्रत्येक बाजाराच्या गावी आहेत अशा गडचिरोलीत आणि नंदुरबारात, दोन वर्षे हे करून पाहता येईल. सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्याला ही रक्कम मिळणार नाही, कारण त्याच्या सहीने नोंद होणार नाही.